भाडेपावतीच्या जोरावर

लोअर परळच्या टॉवरांबद्दल लिहायचं म्हटलं की आपण कोण गेलं तेच लिहितो. आज जरा उलटं. कोण राहिलं, आणि कशाच्या जोरावर?

माझं ऑफिस त्याच भागात. काचेतून खाली बघितलं की अजूनही चाळी दिसतात, गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसतात. एवढ्या सोन्याच्या जमिनीवर ही माणसं टिकली, ती कुणाच्या दयेने नाही. उत्तर अगदी रुक्ष आहे: १९४७चा भाडे नियंत्रण कायदा. जुन्या खोल्यांचं भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला गोठलं, आणि नियमित भाडं भरणाऱ्याला मालक मनात आलं म्हणून काढू शकत नव्हता. (२०००पासून १९९९चा नवा कायदा लागू आहे, पण जुन्या भाडेकरूंचं संरक्षण कायम राहिलं.) त्यामुळे भाडेपावती ही गिरणगावातली खरी मालमत्ता झाली. दहा बाय बाराच्या खोलीत सोनं नसेल, पण पावत्यांची चवड पेटीत तळाशी जपून ठेवलेली असणारच. वीस-पंचवीस रुपयांच्या त्या कागदाने वशिला नसलेल्या माणसाला शहरात जागा दिली.

साइड इफेक्टही झाला. एवढ्याशा भाड्यात मालक डागडुजी कशाला करतोय! इमारती खचायला लागल्या. मग १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, इमारतींवर उपकर बसला. पॅचवर पॅच... आपल्या धंद्यात ओळखीचाच प्रकार. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ३३(७) आलं: बिल्डरला जादा एफएसआय, पण आधी जुन्या भाडेकरूंना त्याच जागी मोफत घर. त्यासाठी ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागायची. मला यातलं आवडतं ते हे की भाडेकरू वाटाघाटीच्या टेबलावर आला, आणि तोही पावती हातात घेऊन.

अर्थात घर मिळालं म्हणजे माणूस टिकला असं नाही. लिफ्ट आली, पंप आला, महिन्याचा मेंटेनन्स आला. भाडं परवडणाऱ्या पेन्शनरला मेंटेनन्स परवडतोच असं नाही, आणि मग फ्लॅट विकून डोंबिवली-विरार. राहायचं तर कमाईही तिथेच हवी.

हे ज्यांना फार आधी कळलं त्यात प्रेमाताई पुरव. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालायच्या. सामान उधारीवर, पैसे सावकाराचे, व्याज कमरेत मोडणारं. प्रेमाताईंनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट केले, एकमेकींच्या हमीवर बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय, तर शेजारीण! पुढे मंडळ स्वतः केटरिंगमध्येही उतरलं. गिऱ्हाईक बदललं तरी स्वयंपाकाचं कसब कामी आलं.

आता ज्यांच्याकडे पावती नव्हती त्यांचं काय झालं ते बघा. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्या एकेक करून बंद. १९९१च्याच नियमावलीतल्या कलम ५८चा ढोबळ हिशोब असा होता: जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. बांधकामाखालची जमीन हिशोबातूनच गेली. ऑक्टोबर २००५मध्ये उच्च न्यायालयाने याविरुद्ध निकाल दिला, मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एका शब्दाने एकरच्या एकर गेले. तीस वर्षं साचा चालवल्याची पावती कोणी देत नाही.

तरी १९८९मध्ये उभी राहिलेली दत्ता इस्वलकरांची बंद गिरणी कामगार संघर्ष समिती पुढे चिवटपणे घरांच्या मागे लागली. २०१२मध्ये म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली, सात हजारांच्या आत घरं. अर्ज मात्र एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास. इस्वलकर २०२१मध्ये गेले. उरलेल्यांसाठी सरकारने शेलू आणि वांगणीला घरं सुचवली. जुलै २०२५मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले होते. मागणी होती, घर मुंबईतच द्या.