‘फ्रिकासे’ म्हणजे काय? या फ्रेंच रश्श्याचा रंग पांढरा का असतो?

मांस खरपूस परतलं की चव वाढते. पण ‘फ्रिकासे’ या जुन्या फ्रेंच पद्धतीत नेमकं तेच टाळतात. इथे हवा असतो फिकट रंगाचा, मुलायम, सौम्य चवीचा रस्सा.

कसं बनवतात?
कोंबडीचे किंवा वासराच्या मांसाचे तुकडे लोण्यात मंद आचेवर परततात. ते तांबूस होण्याआधीच त्यावर मैदा भुरभुरतात. मग स्टॉक आणि व्हाइट वाइन घालून, झाकण ठेवून शिजवतात. मैद्यामुळे रस्सा दाट होतो.

खरी कसोटी शेवटी
रश्श्यात क्रीम आणि अंड्याचा पिवळा बलक घालतात. बलक थेट उकळत्या रश्श्यात ओतला, तर त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून तो आधी क्रीममध्ये फेटतात, त्यात थोडा-थोडा गरम रस्सा मिसळतात आणि मगच भांड्यात ओततात.

इतर फ्रेंच रश्श्यांपेक्षा वेगळं काय?
- ब्लांकेत: रस्सा पांढराच, पण मांस परतत नाहीत. थेट पाण्यात किंवा स्टॉकमध्ये शिजवतात.
- बफ बूर्गिन्यों: बीफ आधी चांगलं तांबूस परततात, मग रेड वाइनमध्ये शिजवतात. त्यामुळे रस्सा गडद होतो.

फ्रिकासे या दोन्हींच्या मधलं.

नाव तेच, पदार्थ वेगळा
जमैकात ‘फ्रिकासी चिकन’ आधी तांबूस परततात. ट्युनिशियात तर ‘फ्रिकासे’ म्हणजे तळलेल्या पावाचं सँडविच! त्यामुळे मेनूकार्डवर हे नाव दिसलं, तर ऑर्डर देण्याआधी एकदा विचारून घ्या.