पुन्हा पाऊल टाकण्याची विद्या

'अर्धांगवायू' या शब्दात एका व्याधीचे वर्णन आणि तिचे जुने निदान अशी दोन्ही एकत्र आली आहेत. अर्धे अंग लुळे पडते हे वर्णन, आणि कोपलेला वायू त्याला कारण होतो हे निदान. 'अंगावरून वारे गेले' हा मराठीतला नित्याचा वाक्प्रचारही त्याच समजुतीतून आला आहे. चरकसंहितेत पक्षाघाताचा विचार वातव्याधींच्या प्रकरणात केलेला असून त्यावर स्नेहन म्हणजे तेलातुपाचा प्रयोग, स्वेदन म्हणजे शेक देऊन घाम काढणे आणि विरेचन म्हणजे रेचक देऊन कोठा साफ करणे, हे उपचार सांगितले आहेत. लुळ्या हातापायांना तेल चोळण्याची महाराष्ट्रातील घरगुती रीत याच परंपरेशी नाते सांगते. या सर्व उपचारांत काही करायचे असते ते वैद्याने किंवा शुश्रूषा करणाऱ्याने, आणि रुग्णाने ते स्वीकारायचे असते. हाच रुग्ण स्वतःच्या उपचाराचा कर्ता कसा झाला, हा पक्षाघातानंतरच्या चालण्याच्या पुनर्वसनाच्या इतिहासाचा गाभा आहे.

व्याधीचे मूळ हातापायांत नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे, हे युरोपीय वैद्यकाला शवविच्छेदनातून कळत गेले. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझनचे वैद्य योहान याकोब वेप्फर यांनी झटक्याने दगावलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव आढळल्याची नोंद १६५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली. मात्र कारण कळले तरी रुग्णाचे अंथरूण सुटले नाही. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही, तेव्हा विश्रांती देऊन वाट पाहावी, ही धारणा विसाव्या शतकातही दीर्घकाळ टिकून होती. या विश्रांतीची किंमत मोठी होती, कारण पडून राहिलेल्या माणसाच्या पोटरीचे स्नायू आखडतात, टाच जमिनीला टेकेनाशी होते आणि मेंदूने जेवढे हिरावले होते त्याहून अधिक बिछाना हिरावून घेतो.

सरावाने हालचाल पुन्हा शिकवता येते, हा विचार प्रथम एका वेगळ्या आजाराच्या निमित्ताने पद्धतशीरपणे मांडला गेला. स्वित्झर्लंडमधील हायडन येथे काम करणाऱ्या हाइनरिख फ्रेंकेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, उपदंशामुळे मज्जारज्जूला इजा होऊन ज्यांच्या पावलांचा ताळ सुटला होता, अशा रुग्णांसाठी व्यायामांचा क्रम बसवला. जमिनीवर आखलेल्या खुणांवर नजर ठेवून सावकाश, मोजून पाऊल टाकायचे आणि तीच हालचाल अचूक जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करायची, असे त्याचे स्वरूप होते. दुसरा धागा प्रयोगशाळेतून आला. अमेरिकेत ऑग्डेन आणि शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ यांनी १९१७ साली माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूला इजा करून एक बाजू लुळी पाडलेल्या माकडाचा धडधाकट हात बांधून ठेवून त्याला लुळा हात वापरायला भाग पाडले, तर हालचाल बऱ्याच अंशी परत येते, असे त्यांना दिसले. या निष्कर्षाचे महत्त्व रुग्णालयांना उमगायला मात्र अनेक दशके जावी लागली.

पुढील वादाचे स्वरूप समजण्यासाठी पक्षाघातानंतरची चाल जवळून पाहिली पाहिजे. निरोगी माणूस पाऊल उचलताना गुडघा वाकवतो आणि घोटा वर घेतो, त्यामुळे पाय जमिनीला न घासता पुढे जातो. पक्षाघातात गुडघा ताठ राहतो आणि पावलाचा चवडा खाली लोंबतो, म्हणून रुग्ण कंबर उचलून तो पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणतो. चवड्याची कड प्रथम टेकते, दुबळ्या पायावर भार टाकण्याची भीती असल्याने धडधाकट पाय घाईने पुढे पडतो, आणि दोन पावलांची लय मोडते. चपलेचा पुढचा भाग एका बाजूने लवकर झिजतो, तो यामुळेच. ही चाल शरीराने शोधलेली तडजोड मानून चालू द्यावी, की ती मोडून मूळची चाल शिकवावी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या क्षेत्राला व्यापून राहिला.

त्याची दोन प्रभावी उत्तरे १९७० साली ग्रंथरूपात आली. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी सुधारणेचे टप्पे मांडले. आधी अंग शिथिल असते, मग ताठरपणा येऊन सारा पाय एकाच साच्यात हलतो, आणि पुढे सांधे सुटे सुटे हलू लागतात, तेव्हा आरंभी येणाऱ्या साचेबंद हालचालींचाही उपयोग करून घ्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. बर्लिनहून नाझी राजवटीमुळे लंडनला आलेल्या व्यायामशिक्षिका बर्टा बोबाथ यांची दिशा याच्या उलट होती. पक्षाघात झालेले चित्रकार सायमन एल्विस यांच्यावर उपचार करताना, विशिष्ट रीतीने शरीर हाताळल्यास ताठरपणा कमी होतो हे त्यांच्या ध्यानात आले आणि पती डॉ. कारेल बोबाथ यांच्यासह त्यांनी त्यावर उपचारपद्धती उभारली. चुकीची हालचाल रुजू न देता प्रथम तोल आणि स्नायूंचा ताण नीट करावा, हे तिचे सूत्र होते.

भारतात भौतिकोपचाराच्या शिक्षणाचा पाया याच काळात मुंबईत घातला गेला. पोलिओने अधू झालेल्यांच्या पुनर्वसनाची निकड असताना, १९५२ साली मुंबई महापालिका, भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले, आणि १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेची स्थापना झाली. पक्षाघाताच्या रुग्णाला हाताला धरून उभे करणाऱ्या प्रशिक्षित व्यवसायाची भारतातील वाटचाल अशी परळहून सुरू झाली.

१९८०च्या दशकात विचाराची दिशा पुन्हा पालटली. सिडनीच्या जॅनेट कार आणि रोबर्टा शेफर्ड यांनी १९८२ साली अशी भूमिका मांडली की रुग्ण हा शिकणारा माणूस आहे, आणि खुर्चीतून उठणे, उभे राहणे, चालणे ही कामे त्या त्या कामाच्या सरावानेच शिकवली पाहिजेत. माँट्रियलमध्ये ह्यूज बार्बो आणि सर्ज रोसिन्योल यांनी १९८७ साली दाखवले की मज्जारज्जू तुटलेल्या मांजरांचे मागचे पायही ट्रेडमिलवरील सरावाने चालू लागतात. त्या आधारावर बर्लिनच्या श्टेफान हेस यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास पक्षाघाताच्या रुग्णांचा काही भार पट्ट्यांनी तोलून धरून त्यांना ट्रेडमिलवर चालवले. पुढे यंत्रमानवही आले, आणि यंत्राने हा प्रश्न सुटेल अशी आशा बळावली.

या आशेची कसोटी मोठ्या तुलनात्मक चाचण्यांनी घेतली. पामेला डंकन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४०८ रुग्ण होते. काहींना भार तोलणाऱ्या ट्रेडमिलचा सराव मिळाला, तर काहींना भौतिकोपचारतज्ज्ञाने घरी येऊन ताकद आणि तोल यांचे व्यायाम शिकवले. वर्षअखेर एकूण ५२ टक्के रुग्णांची चाल वरच्या पायरीवर गेली, पण यंत्रावरचा गट घरच्या गटाच्या पुढे गेला नाही. २०१४ साली ९६ अभ्यासांचा आणि १०,४०१ रुग्णांचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही पुनर्वसनाचा लाभ स्पष्ट दिसला, परंतु कोणतीही एक पद्धत इतरांपेक्षा श्रेष्ठ ठरली नाही. उतावळेपणाही बरा नव्हे, हे ज्युली बर्नहार्ट यांच्या २०१५ सालच्या, २,१०४ रुग्णांच्या चाचणीने दाखवले. पहिल्या चोवीस तासांतच अधिक वेळा आणि अधिक काळ उठवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी समाधानकारक आढळली.

पद्धतींची नावे बदलत गेली, तरी फ्रेंकेल यांच्या खुणांपासून कार-शेफर्ड यांच्या खुर्चीपर्यंत एक गोष्ट कायम राहिली. रुग्णाने स्वतः केलेली, नेमकी आणि पुष्कळ वेळा केलेली हालचालच पाय परत मिळवून देते. महाराष्ट्राच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल फार आहे. जिल्ह्याच्या गावात महागडे यंत्र पोहोचणार नाही, पण हातांच्या आधाराची खुर्ची, भिंतीलगतची मोकळी जागा आणि योग्य मार्गदर्शन पोहोचू शकते, आणि ते पोहोचवणे हे सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचे कर्तव्य आहे. घरात तेल चोळणाऱ्या हातातली माया खरीच आहे. त्याच हाताने तज्ज्ञाकडून शिकून घेऊन रुग्णाच्या दुबळ्या बाजूला उभे राहावे, कमरेला आधार द्यावा आणि पाऊल मात्र त्याचे त्यालाच टाकू द्यावे.