जुन्या मोटारीचा टॉप गिअर : ओव्हरड्राइव्ह बसवण्याची खरी किंमत

१/
कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा गर्दीचे लक्ष तिच्या डौलाकडे असते. ही मोटार घडवणाऱ्या कारखान्याचे नाव मात्र यंत्रांच्या इतिहासात आणखी एका कारणाने घेतले जाते : ओव्हरड्राइव्ह. या गिअरचा इतिहास आणि आज जुन्या मोटारीत तो बसवण्याचा हिशेब, यांविषयी हा धागा.

२/
आधी संज्ञा समजून घेऊ. जुन्या मोटारींत टॉप गिअर बहुधा १:१ असे. इंजिनाचा एक फेरा झाला की प्रॉपेलर शाफ्टचाही एकच फेरा. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन पाऊण फेरा फिरते तोवर शाफ्टचा एक फेरा पुरा होतो. वेग तोच राहतो, इंजिनाची धावपळ कमी होते. मात्र त्या गिअरमध्ये ओढण्याची ताकदही घटते.

३/
जर्मनीतील फ्रीडरिक्सहाफेन येथील मेबॅक कारखाना मूळचा झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने बनवणारा. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने त्या धंद्यावर बंदी आली आणि १९२१ पासून कार्ल मेबॅक मोटारींकडे वळले. १९२८ साली डब्ल्यू-५ या मोटारीला त्यांनी ‘श्नेलगांग’, म्हणजे जलद गिअर, जोडला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत या कारखान्याच्या मोटारी साधारण १,८०० च्या आसपासच बनल्या.

४/
जलद गिअर उपयोगी पडतो तो मोकळ्या रस्त्यावर. १९३५ साली फ्रांकफुर्ट ते डार्मश्टाट हा ऑटोबानचा टप्पा खुला झाला आणि तासन् तास एकाच वेगाने जाण्याचे दिवस आले. अमेरिकेत १९३४ च्या क्रायस्लर एअरफ्लोमध्ये बोर्ग-वॉर्नरचा ओव्हरड्राइव्ह आला. ब्रिटनमध्ये एडगर डी नॉर्मनव्हिल यांची रचना लेकॉक कंपनीने १९४८ पासून स्टँडर्ड व्हॅनगार्डसाठी पुरवली.

५/
मग १९६० च्या दशकातील अमेरिकन ‘मसल कार’मध्ये तो का नव्हता? १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून सुरू झालेल्या या परंपरेची कसोटी होती पाव मैलाची शर्यत, म्हणजे जेमतेम ४०० मीटर. तेवढ्या अंतरात पाचव्या गिअरची पाळीच येत नाही. पेट्रोलही स्वस्त होते. म्हणून चार गिअर, शेवटचा १:१, आणि मागच्या ॲक्सलला जोर देणारे दाते, एवढ्यावर भागले.

६/
ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीने हे गणित उलटे केले. १९७५ च्या कायद्याने अमेरिकेत इंधनवापराची मानके आली. १९८० च्या दशकात पाच गिअरचा टी-५ आणि जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक ७००-आर-४ हे ओव्हरड्राइव्हवाले गिअरबॉक्स मोठ्या संख्येने बनू लागले. ते भंगारात येताच लोकांनी जुन्या गाड्यांत बसवायला सुरुवात केली. पुढे त्याचा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला.

७/
फरक किती पडतो? ॲक्सलचे प्रमाण ३.५५ आणि चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटरला १:१ गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेते. ०.६८ च्या ओव्हरड्राइव्हमध्ये तेच सुमारे १,९४० होतात. मिनिटाला ९०० फेऱ्यांची ही बचत कानाला लगेच जाणवते.

८/
आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली व्हॉक्सहॉलच्या साच्यावर कॉन्टेसा आणली. भारतातील हौशी मंडळी तिलाच ‘देशी मसल कार’ म्हणतात. रूप दांडगे, पण आत ॲम्बॅसॅडरचेच १.५ लिटरचे इंजिन आणि चार गिअर. इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन व पाच गिअर नंतर आले. ॲम्बॅसॅडरला तीच जोडी १९९० च्या दशकात मिळाली.

९/
तोवर उणीव फारशी भासली नव्हती, कारण दुपदरी रस्त्यावर बैलगाडी, ट्रक आणि एसटीच्या मागून जाताना टॉप गिअरची परीक्षाच होत नसे. पुणे–कोल्हापूर–बेळगाव रस्ता चौपदरी झाल्यावर चार गिअरच्या गाडीचा आक्रोश ऐकू येऊ लागला. उलट गगनबावड्याच्या घाटात पाचवा गिअर असून नसल्यासारखा.

१०/
आता खर्च. गिअरबॉक्स विकत घेणे ही केवळ सुरुवात. बेल हाउसिंग जुळवायचे, क्लच बदलायचा, प्रॉपेलर शाफ्ट कापून नव्याने बॅलन्स करायचा, खालचा आधार हलवायचा, स्पीडोमीटरची केबल जमवायची, प्रसंगी गिअरच्या दांड्यासाठी पत्रा कापायचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम आणि लेथकाम जाणणारे हात पिढ्यान् पिढ्या आहेत. जुळवणीचा सुटा भाग तिथे घडू शकतो, पण एकाच नगाला लागणारी मजुरी शंभर नगांत विभागली जात नाही.

११/
समजा, चार गिअरच्या कॉन्टेसावर एकूण १ लाख रुपये लागले. गाडी वर्षाला २,००० किलोमीटर चालते आणि ॲव्हरेज लिटरला ९ वरून १० किलोमीटर झाले. वर्षाला वाचले सुमारे २२ लिटर. लिटरला १०० रुपये धरले, तर साधारण २,२०० रुपये. खर्च वसूल व्हायला ४५ वर्षे! म्हणून पेट्रोलच्या नावाखाली हा बदल करणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय.

१२/
मिळते ते वेगळेच : शांत प्रवास, इंजिनाची कमी झीज आणि गाडी दूर नेण्याचा धीर. वर्षभर पांघरुणाखाली उभी राहणारी गाडी पुण्याला जाऊन येऊ लागली, तर तिचे आयुष्य वाढते. ही किंमत रुपयांत मांडता येत नाही, पण ती खरी आहे.

१३/
दुसऱ्या पारड्यात कायदा आणि इतिहास. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधोरेखित केले. केवळ गिअरबॉक्सऐवजी इंजिनासह जोडी बदलली, की इंजिन क्रमांकाचा प्रश्न उभा राहतोच. २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीला स्वतंत्र नोंदणी मिळते. तिथे अट आहे मूळ स्वरूपाची. चासी, बॉडी वा इंजिनात फेरफार नको.

१४/
गिअरबॉक्स हा त्या काळच्या रस्त्यांचा, पेट्रोलच्या भावाचा आणि हौसेचा दस्तऐवज असतो. तीन हजार फेऱ्यांवर गुरगुरणारी गाडी आपल्याला सांगते की तिच्या निर्मात्याने कोणता रस्ता डोळ्यांसमोर ठेवला होता. तो गिअरबॉक्स भंगारात गेला की ती साक्ष कायमची पुसली जाते.

१५/
म्हणून निवाडा गाडीगणिक वेगळा. मोजक्या उरलेल्या मोटारीला हात लावू नये, तिचा वेग आपण सोसावा. ज्या गाड्या अजून संख्येने आहेत आणि रस्त्यावर चालवायच्या आहेत, त्यांत कायद्याच्या चौकटीत बदल करावा, पण तो उलट फिरवता येईल असा. पत्रा कापू नये. काढलेला गिअरबॉक्स तेल लावून, गाडीचा क्रमांक लिहून जपून ठेवावा. पुढच्या मालकाला निवड करता यायला हवी.