पोलादी तार : मिश्रघटक आणि उष्णता-संस्करण

भट्टीत पोलादाचे रसायन एकदा ठरले की तार होईपर्यंत कार्बन, मँगॅनीज, सिलिकॉन यांचे प्रमाण जवळपास तेवढेच राहते. बदलते ती त्यांची जागा. अपवाद पृष्ठभागाचा : भट्टीतील हवेने तेथला कार्बन जळतो आणि अशा तारेच्या स्प्रिंगा लवकर थकतात.

मुंबई उपनगरात तारेच्या धंद्याचे ठळक ठिकाण म्हणजे बोरिवली पूर्वेच्या दत्तपाडा मार्गावरील स्पेशल स्टील्सचा तार कारखाना होता. ही कंपनी पुढे टाटा एसएसएल झाली आणि २००३ मध्ये टाटा स्टीलमध्ये विलीन झाली.

स्प्रिंग, टायरची कडा, पूर्वताणित काँक्रीट यांच्या तारेत कार्बन साधारण ०.७ ते ०.८५ टक्के असतो. वायर रॉड (जिच्यापासून तार ओढतात ती सळई) ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवला की हा कार्बन लोखंडात विरघळतो. मग ५०० ते ५५० अंशांच्या वितळलेल्या शिशातून नेल्यावर तो सिमेंटाइटच्या (लोह-कार्बाइडच्या) अतिबारीक पापुद्र्यांच्या रूपाने बाहेर पडतो. हे पेटंटिंग; इंग्लंडमध्ये जेम्स हॉर्सफॉल यांनी १८५४ मध्ये त्याचे एकस्व घेतले. मँगॅनीज रॉडच्या गाभ्यात साचले असेल, तर तेथे पापुद्रे बनायला उशीर होतो आणि ठिसूळ मार्टेन्साइट तयार होते. अशी तार डायमधून (बारीक करणाऱ्या साच्यातून) ओढताना आतूनच फाटते : तुटलेले एक टोक वाटीसारखे, दुसरे सुळक्यासारखे.

खरी मेख ओढकामात आहे. डायमध्ये पापुद्रे ताणले जाऊन जवळ येतात, ताकद वाढते. पण फार ओढल्यास सिमेंटाइट फुटून त्यातला कार्बन पुन्हा लोखंडात शिरतो. घर्षणाने तार दीडदोनशे अंशांपर्यंत तापली, की हा कार्बन आणि नायट्रोजन मिळून स्फटिकातील सरकत्या दोषांना जखडतात. पीळ-चाचणीत चांगली तार सरळ आडवी तुटते, तर अशी तार लांबीभर मळसूत्रासारखी उकलते. भंगार वितळवणाऱ्या विद्युत भट्टीच्या पोलादात नायट्रोजन जास्त, म्हणून तेथे डाय आणि ड्रम थंड ठेवण्यात हयगय चालत नाही.

जस्तलेपन सुमारे ४५० अंशांवर होते. त्या उष्णतेने पापुद्रे तुटून गोळीदार होतात, ताकद घटते. सिलिकॉन पापुद्र्यांच्या कडेला साचून ही घसरण रोखतो, क्रोमियम सिमेंटाइटमध्ये मिसळून. पुलांच्या जस्तलेपित तारांत सिलिकॉन वाढवतात तो यासाठीच.

क्रोमियम-निकेलच्या स्टेनलेस तारेचे गणित उलटे. ती सुमारे १०५० अंशांवरून झटकन थंड केली की मऊ पडते. पण ४५० ते ८५० अंशांत रेंगाळली, तर क्रोमियम कणसीमांवर कार्बाइडमध्ये अडकते आणि खाऱ्या हवेत गंज तेथूनच शिरतो.