टोपलीचा खेळ आणि मोठी ताई

शहापूर-मुरबाडच्या आपल्या गावांत कबड्डी कुणाला समजावून सांगायला नको. आज मात्र आम्ही बास्केटबॉलविषयी बोलणार आहोत.

हा खेळ मुळात टोपलीचाच. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या १० फुटांवर ठोकल्या. टोपल्यांना बूड होतं, म्हणून चेंडू आत पडला की वर चढून काढावा लागे! पुढे लगेचच सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींना हा खेळ शिकवला. पण मुली दमतील म्हणून मैदानाचे तीन भाग केले, आणि आपला भाग सोडून कुणी पलीकडे जायचं नाही असा नियम घातला. हंडा डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या आपल्या बायकांना हे ऐकून हसू येईल.

आता २०१७चा जुलै महिना. बंगळुरूमध्ये आशियाई महिला स्पर्धेच्या ब गटाचा अंतिम सामना. भारताचे ७५ गुण, कझाकस्तानचे ७३. एका टोपलीच्या फरकाने आपल्या मुली जिंकल्या आणि वरच्या गटात गेल्या. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती, तेव्हा विशीतली. आणि चेन्नईची अनिता पॉलदुराई होती, वय ३२. अनिता १९व्या वर्षीच भारताची कर्णधार झाली होती. मधे लग्न झालं, मूल झालं, खेळ थांबला. तरी ती परत आली.

अशा बाईचा संघाला उपयोग काय? पळण्यात तरुण मुली पुढेच असणार. पण या खेळात चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांत टोपलीकडे टाकावा लागतो, आणि पाच चुका झाल्या की खेळाडू बाहेर. शेवटच्या मिनिटाला दोन गुणांचा फरक असला की नवी मुलगी घाबरून चेंडू फेकते. जी आधी दहा वेळा अशी हरलेली असते, ती थांबते, बघते, कोण मोकळी आहे ते ओरडून सांगते. हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

अनिताला २०२१ साली पद्मश्री मिळाली. शिरीनही पुढे भारताची कर्णधार झाली.

मुरबाडच्या फांगण्याला आजीबाईंची शाळा आहे, तिथे सुनेच्या वयाची बाई आज्यांना शिकवते. मैदानावर उलटं व्हायला हवं, पण होत नाही. मुलगी दहावीपर्यंत कबड्डी खेळते, लग्न होतं, आणि तिची शिकलेली पकड तिच्याबरोबर चुलीपाशी जाते. नवा संघ पुन्हा पहिल्यापासून चुका करतो.

म्हणून आम्ही गटातल्या जुन्या खेळाडूंना विचारलं, रविवारी मुलींच्या सरावाला याल का? दोघी लगेच हो म्हणाल्या. तिसरीचं लेकरू अंगावर पितं आहे. त्या तासभर त्याला कोण सांभाळणार, हे येत्या बैठकीत ठरवायचं आहे.