पडद्यावरचा येशू आणि पाड्यावरचा प्रेक्षक

कल्याण-कर्जत मार्गावरचं वांगणी हे मुरबाडच्या शेजारच्या पट्ट्यातलं गाव. ‘राजा हरिश्चंद्र’चं बाहेरचं चित्रण करायला दादासाहेब फाळक्यांची मंडळी तिथे उतरली. त्यांच्या हातातल्या तलवारी-भाले पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. बातमी पोलीस पाटलाकडे गेली आणि मंडळी अडकली. फाळक्यांनी सगळा प्रकार समजावून सांगितला तेव्हा सुटका झाली. समजावायचा होता तो सिनेमा. हरिश्चंद्र कोण, हे त्या गावाला कुणी सांगायची गरज नव्हती.

या हरिश्चंद्राच्या मागे मात्र एक परका नायक उभा होता. १९१०-११च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया चित्रगृहात फाळक्यांनी ‘द लाइफ ऑफ ख्राईस्ट’ पाहिला. येशू पडद्यावरून सरकत असताना आपल्याला राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती, असं त्यांनीच १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवलं आहे. पुढच्या खेळाला ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. फाळके त्र्यंबकेश्वरचे, शास्त्र्यांच्या घरातले. पण वडील दाजीशास्त्री मुंबईला आले ते विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायला, आणि ते कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांचं. येशूची गोष्ट फाळक्यांनी चित्रपटगृहात पहिल्यांदाच ऐकली असेल, असं मला वाटत नाही. नवीन होतं ते देवाला हलताना पाहणं.

त्या काळात येशूचे दोन मोठे चित्रपट जगभर फिरत होते. पॅरिसच्या पाथे कंपनीचा फर्दिनां झेका आणि ल्युसियां नोंगे यांनी केलेला, आणि गोमाँ कंपनीसाठी ॲलिस गाय या बाईंनी १९०६ मध्ये केलेला. दोन्हींची रचना एकच. एक देखावा, मग दुसरा, मग तिसरा. गाय यांच्या चित्रपटात असे पंचवीस देखावे आहेत. त्यातल्या एकात बाळ येशू झोपलाय आणि भोवती देवदूत वाद्यं वाजवताहेत. दुसऱ्यात वेरोनिका नावाची स्त्री क्रूस वाहणाऱ्या येशूचा चेहरा पुसते. चारही शुभवर्तमानं चाळा, ती वाद्यं सापडणार नाहीत आणि वेरोनिकाही नाही. वेरोनिका आली मध्ययुगीन दंतकथेतून. तीन मागी राजेही तसेच. मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, आल्याचं लिहिलंय, ते तीन होते असं नाही, आणि राजे होते असं तर मुळीच नाही.

मग हे चित्रपट प्रामाणिक होते कशाशी? चित्रांशी. जेम्स टिसो हा फ्रेंच चित्रकार पॅलेस्टाइनला जाऊन आला आणि येशूच्या आयुष्यावर त्याने साडेतीनशेच्या आसपास जलरंगचित्रं काढली. गाय यांनी ती समोर ठेवून देखावे बांधले. फाळक्यांनी नेमकं हेच केलं. लोणावळ्यात रविवर्म्याच्या छापखान्याशी त्यांचा संबंध आलेला. ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू होतो तो राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतोय या दृश्याने, आणि ते दृश्य रविवर्म्याच्या चित्रावर बेतलेलं आहे. प्रेक्षक घरातून निघतो तेव्हा पोथीतले श्लोक सोबत नेत नाही. भिंतीवरची तसबीर नेतो आणि पडद्यावरचा देव तिच्याशी ताडून पाहतो.

१९१८ पासून फाळक्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकला होती. नाशिकहून मुंबईला येणारी रेल्वे थळ घाट उतरून कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव असा शहापूर तालुका ओलांडते. कृष्णजन्माची, कालियामर्दनाची रिळं याच वाटेने उतरली असणार. गाड्या थांबत होत्या. पाड्यांपर्यंत सिनेमा पोचायला मात्र पुढे कितीतरी वर्षं गेली.

मागोवा आणखी मागे न्यायचा तर मराठीत येशूची गोष्ट पडद्याआधी तीनशे वर्षं ओवीत आली. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ राचोलला छापून झालं. अकरा हजारांच्या घरात ओव्या. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशू. चर्चची परवानगी घेऊन छापलेला हा ग्रंथ, पण बायबलचं भाषांतर नव्हे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं काढून घेतली होती आणि त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं, म्हणून पुराणाच्याच थाटात येशू सांगितला. काढून घेणाऱ्यांनीच मग त्याच घाटाचं दुसरं द्यावं, यातला कडवटपणा स्टीफन्सच्या गोड ओवीमुळे झाकला जातो, नाहीसा होत नाही. विसाव्या शतकात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा थोडेच अध्याय झाले होते. उरलेले बहुतेक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी रचले. नावातच रामायण आहे. शब्दशः शास्त्र लिहायचं असतं तर हा घाट त्यांनी घेतला नसता.

शहापूरच्या आदिवासी भागात, तिथून वर जव्हार-मोखाड्यापर्यंत, बोहाडा होतो. रात्रभर मुखवटे लावून देवांची सोंगं नाचतात. गणपती येतो, सरस्वती येते, नरसिंह येतो, रावण येतो. हा रावण वाल्मीकीचा की कुणाचा, असं कुणी विचारत नाही. गोष्ट सगळ्यांच्या अंगात मुरलेली आहे, म्हणून सोंगाला हवं तसं नाचता येतं. सोंगाने जास्तीचं केलं तर म्हातारे हसतात, आणि तीच तिथली दुरुस्ती.

येशूच्या सिनेमाचं इथे अडतं. सेसिल डिमिलने १९२७ मध्ये ‘द किंग ऑफ किंग्ज’ काढला. सल्ल्याला जेझुइट पाद्री घेतले, तरी सुरुवातीलाच मग्दालिया मरीया झेब्रे जुंपलेल्या रथातून निघते आणि येशूचा शिष्य यहूदा तिचा प्रियकर असतो. अमेरिकन प्रेक्षकाला बायबल पाठ होतं, त्याने झेब्रे पाहिले आणि सोडून दिले. पण याच चित्रपटाच्या प्रती मिशनऱ्यांनी देशोदेशी नेल्या, ज्यांनी बायबल उघडलंही नव्हतं अशांसमोर दाखवल्या. त्यांनी झेब्ऱ्यांचं काय करायचं?

पुढे अक्षराला चिकटून राहायचे दोन प्रयत्न झाले. १९६४ मध्ये इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीने मत्तयाचं शुभवर्तमान घेतलं आणि संवाद जवळजवळ सगळे तिथलेच ठेवले. माणूस नास्तिक, मार्क्सवादी. तरी १९९५ मध्ये व्हॅटिकनने निवडलेल्या पंचेचाळीस चित्रपटांत त्याचा हा चित्रपट आहे. दुसरा १९७९ चा ‘जीझस’. निर्माता जॉन हेमन, पाठिंबा अमेरिकेतल्या ‘कॅम्पस क्रुसेड’ या संघटनेचा. त्यांनी एकट्या लूकचं शुभवर्तमान धरलं. हा चित्रपट मराठीसह दोन हजारांहून अधिक भाषांत गेला. प्रोजेक्टर, जनरेटर आणि दोन बांबूंना बांधलेला पांढरा पडदा घेऊन तो देशभरच्या खेड्यांत फिरला. इतकं लूकशी इमान राखूनही शेवटी निवेदक थेट प्रेक्षकांशी बोलतो, येशूला स्वीकारा म्हणतो, प्रार्थना सांगतो. ते काही लूकने लिहिलेलं नाही. मला या चित्रपटातला हाच भाग खटकतो. आवाहन करायला हरकत नाही. पण गोष्ट कुठे संपली आणि आवाहन कुठे सुरू झालं हे अंधारात बसलेल्याला कळायला हवं.

आपल्याकडचा ‘करुणामयुडु’ १९७८ चा, तेलुगू. दिग्दर्शक ए. भीमसिंग आणि फ्रान्सिस्कन पाद्री ख्रिस्तोफर कोएल्हो, येशूच्या भूमिकेत विजयचंदर. हिंदीत तो ‘दयासागर’ झाला आणि गावोगावच्या पडद्यांवर तोही पोचला. त्यात गाणी आहेत म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांनी लूकचा पहिला अध्याय काढावा. मरीया तिथे गाते, जखऱ्याही गातो. उलट, शास्त्राशी तंतोतंत असल्याचा बोलबाला झालेल्या मेल गिब्सनच्या २००४ च्या चित्रपटात बरंच काही ॲन कॅथरिन एमरिक या जर्मन जोगिणीच्या दृष्टांतांतून घेतलेलं आहे. पात्रं अरामी बोलली म्हणजे चित्रपट बायबलचा झाला, असं होत नाही.

येशूच्या चित्रपटाने शास्त्र सोडू नये का, याचं उत्तर मी दिग्दर्शकाकडे मागत नाही, प्रेक्षकाकडे पाहून देतो. वसईच्या चर्चमधून घरी आलेला माणूस शुभवर्तमान वर्षानुवर्षं ऐकत आलेला असतो. त्याच्यासमोर दिग्दर्शकाने वेरोनिका आणावी, यहूदाला प्रियकर करावा, प्रश्न विचारावेत. तो घरी जाऊन ताडून पाहील, चिडेल, भांडेल. खर्डीच्या आतल्या एखाद्या कातकरी वाडीवर किंवा माळशेजच्या पायथ्याच्या ठाकरवाडीवर पडदा लागतो, तेव्हा ताडून पाहायला दुसरं काही नसतं. तिथे सिनेमा हाच ग्रंथ. ज्याच्याजवळ पुस्तक नाही त्याच्यापुढे ‘हे शास्त्रात आहे’ म्हणून जे दाखवाल ते शास्त्रातच असलं पाहिजे, आणि बाहेरचं असेल तर तसं सांगूनच दाखवायला हवं. राम-कृष्णाच्या मालिका परदेशात नेणाऱ्यांनाही मी हाच नियम लावीन.

आता पडद्याची गरज उरलेली नाही. तोच ‘जीझस’ मराठीत फोनवर फुकट दिसतो, वर त्याचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे कुणी कुणाला पाठवतं. दाखवणाऱ्यांनी निदान एवढं करावं: हा चित्रपट लूकवर आहे, अमुक भाग जोडलेला आहे, हे सुरुवातीलाच मराठीत सांगावं. आणि पाहणाऱ्यांनी, तसंच न पाहताच त्यावर वाद घालणाऱ्यांनी, मूळ एकदा वाचावं. लूकचं शुभवर्तमान चोवीस अध्यायांचं आहे, मराठीत सहज मिळतं, आणि वाचायला सिनेमापेक्षा फारसा जास्त वेळ लागत नाही.