दरवाज्यावरची दोन नावं

बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाज्याला पितळेचा पत्रा मढवलेला आहे. लोक नक्षीवर हात फिरवून आत जातात. तिथे कोरलेली दोन नावं फार थोडे शोधतात: अताउल्ला, वास्तुकार आणि हंसपतराय, अभियंता. माझ्याकडे कुणी नवीन पोरगं उमेदवारीला आलं, की पहिल्या दिवशी मी त्याला इथं आणते.

मी वडाराची मुलगी. आमच्या आबांचा जन्म सुतकी-टाकीत गेला. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला एका सरांनी माझी शीट उचलून विचारलं, "घरी कोण आहे का या लाइनीत?" मी म्हटलं, "सगळेच." वर्ग हसला. मला विनोद कळला नाही.

पुढं या शहराचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की हे गावच बाहेरून आलेल्यांनी उभं केलंय. चापू नावाचा हबशी मुलगा, गुलाम म्हणून बाजारोबाजार विकला गेलेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीझखानही हबशीच, एके काळचा गुलाम. त्याच्या हाताखाली पोर राज्यकारभार शिकलं. तोच मलिक अंबर. 1610 मध्ये त्याने खडकीला, म्हणजे इथेच, राजधानी वसवली, 1612 मध्ये भडकल दरवाजा उभारला आणि उत्तरेच्या डोंगरातलं पाणी नुसत्या उताराच्या जोरावर, जमिनीखालच्या खापरी नळांतून शहरात आणलं. नहर-ए-अंबरीचं ते काम बघितलं, की आमच्या लेव्हल मशीनचा ताठा उतरतो.

अताउल्लाचं तसं नव्हतं. बाप उस्ताद अहमद लाहोरी, ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं तो. पण या पोराने आधी भास्कराचार्यांचं बीजगणित फारसीत आणलं, 1634-35 च्या सुमारास. आणि इथून कन्नडचा घाट उतरला की पाटण. तिथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, 1207 मध्ये आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता. लाहोरी घराण्यातला हा गणिती पुढं त्याच मुलखात दिलरस बानूची कबर, म्हणजे हाच मकबरा, बांधायला आला. जोडीला हंसपतराय. खर्च 6,68,203 रुपये 7 आणे. ताजच्या मानाने चिल्लरच.

तो हात आखडता घेतलेला भिंतीवर दिसतो. एकदा आबांना तिथे नेलं होतं. त्यांनी संगमरवर जिथे संपतो तिथे अंगठा टेकवला. वर काळा दगड आणि त्यावर घोटलेला चुन्याचा गिलावा. "महागाचं इथवर," ते म्हणाले, "इथून पुढं आपलं काम." घुमटावर पुन्हा संगमरवर आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आबा तरुणपणी मिलिंद महाविद्यालयाच्या पायासाठी दगड फोडत होते. 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी तिथे कोनशिला बसवली. बाबासाहेबांनी या महाविद्यालयासाठी गावाबाहेरचा माळ निवडला, त्याचं नागसेनवन झालं. मराठवाड्यातल्या किती घरांतलं पहिलं पोर तिथून पदवी घेऊन निघालं. पाया खोदणाऱ्याच्या नातवंडाने पुढं नकाशा काढावा, एवढी सोय त्या माळाने केली. मला दुसऱ्या वर्षाला ड्रॉइंग बोर्ड नव्हता. तिथेच शिकलेल्या शेजारच्या ताईने घरचा जेवणाचा पाट घासून दिला होता, "टी-स्केल लागतंय का बघ" म्हणत.

आता माझ्या कचेरीत एकच नियम आहे. शीटच्या उजव्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकमध्ये, रेखाटन ज्याने केलं त्याचं पूर्ण नाव. परवा एका पोराने नुसती आद्याक्षरं टाकली. मी शीट परत केली. त्याने खोडून नाव लिहिलं: त्याचं, बापाचं, आडनाव. जागा पुरेना, म्हणून चौकट मोठी करून घेतली.